वेगाची पाटी आणि खचणारा काठ

आमच्या शहरातल्या नदीवर यांत्रिक नौकांसाठी नवे नियम होऊ घातले आहेत. मसुदा निघाला आहे, हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. मुख्य अट एका ओळीची आहे: शहराच्या हद्दीत सगळीकडे, सगळ्या यांत्रिक नौकांना ताशी 15 किलोमीटरची कमाल वेगमर्यादा. कारण दिलं आहे काठांची धूप.

मी रोइंग शिकवते. मुलं वल्ही मारत पुढे जातात आणि मी लाँचमधून, म्हणजे प्रशिक्षकाच्या लहान मोटरबोटीतून, त्यांच्या मागे, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे या वादात मी दोन्हीकडे आहे. काठ खचतोय हे मला फार जवळून दिसतं आणि माझी लाँचही लाटा उठवते. नियम हवा, याबद्दल माझ्या मनात जराही किंतू नाही. पण हा आकडा असाच सरसकट लावला, तर आज होतंय त्यापेक्षा जास्त नुकसान होईल, असं माझं ठाम मत आहे. हरकतीच्या अर्जात जागा थोडी असते, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

काठाचं नुकसान रस्त्यावरून दिसत नाही. वरून पाहिलं तर गवत हिरवं असतं, पायवाट असते, कठडा असतो. पाण्याच्या पातळीवर बसून पाहिलं की चित्र बदलतं. पाण्याच्या रेषेला लागून, हातभर उंचीच्या पट्ट्यात, माती आतपर्यंत कोरली गेलेली असते. वरचा गवताचा थर छज्जासारखा पुढे आलेला असतो. वाळुंजाच्या झाडांची मुळं उघडी पडून पाण्यात लोंबत असतात. पाऊस पडला, किंवा कुणी मासे धरायला त्या कडेवर उभं राहिलं, की एखाद दिवशी तो छज्जा खाली येतो. पडलेली माती काही दिवस पायथ्याशी ढीग होऊन राहते आणि तेवढा वेळ खरं तर काठाचं रक्षणच करते. मग लाटा तो ढीग धुऊन नेतात आणि कोरणं पुन्हा सुरू होतं. काठाची धूप बहुतेक वेळा पायथ्यापासून वर अशी चालते. म्हणून वरच्या बाजूला मातीच्या गोणी टाकून काही होत नाही.

आता लाटेकडे येते. लाटेत साठलेली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा सेंटिमीटरच्या लाटेपेक्षा तीस सेंटिमीटरची लाट दिसायला तिप्पट असते, पण काठावर आदळताना नऊपट ऊर्जा घेऊन येते. त्यामुळे दिवसभरात नदीवरून किती नौका गेल्या, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्यातल्या कोणत्या नौकेने किती उंच लाट काठापर्यंत पोचवली, हे आधी विचारायला हवं. टास्मानियातल्या गॉर्डन नदीवर पर्यटकांच्या मोठ्या बोटींमुळे काठ खचू लागले, तेव्हा तिथे बोटी ठरावीक वेगांनी चालवून लाटा आणि धूप दोन्ही मोजली गेली. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की लाटेची कमाल उंची 30 ते 35 सेंटिमीटरच्या वर गेली की धूप एकदम वाढते. प्रत्येक नदीची माती वेगळी, त्यामुळे हाच आकडा सगळीकडे लागू होईल असं मी म्हणणार नाही. चिकणमातीचा काठ बरंच सोसतो, रेताड गाळाचा काठ थोडंही सोसत नाही. पण एक उंबरठा असतो आणि तो ओलांडणाऱ्या थोड्या लाटाच बहुतेक नुकसान करतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग 15च्या पाटीत वाईट काय? वेग कमी झाला की लाट कमी, असं सरळ गणित असतं तर काहीच वाईट नव्हतं. पण नाव पाण्यात तीन तऱ्हांनी चालते. अगदी सावकाश चालते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते आणि मागे नुसती सुरकुती उठते. खूप वेगात असते तेव्हा लहान मोटरबोट पाण्यावर चढून धावते, म्हणजे प्लेनिंग करते. तेव्हा तिचा थोडाच भाग पाण्यात असतो आणि लाट मध्यम असते. या दोहोंच्या मधली अवस्था सगळ्यांत वाईट. पुढचं टोक आकाशाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, इंजिन जोर लावतंय आणि नाव स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढायचा प्रयत्न करतेय. सगळ्यांत उंच लाट याच अवस्थेत उठते.

ही अवस्था कुठे सुरू होते, याचा ठोकताळा नौका बांधणाऱ्यांना जुना माहीत आहे. पाण्यात बुडालेल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला साडेचाराने गुणा. जो आकडा येईल, साधारण तितक्या किलोमीटर वेगापर्यंत नाव शांत चालते. सहा मीटरच्या मोटरबोटीसाठी हा आकडा येतो ताशी 11. नऊ मीटरच्या नौकेसाठी साडेतेरा. आमच्या नदीवरच्या बहुतेक खासगी बोटी या दोहोंच्या आसपासच्या आहेत. म्हणजे 15ची मर्यादा त्यांना नेमकी त्या वाईट अवस्थेत नेऊन ठेवते. आज ज्या बोटी प्लेनिंग करत निघून जातात, त्या उद्या कायदा पाळून, पुढचं टोक वर करून, पूर्ण शहरभर मोठी लाट ओढत जातील.

त्यात खोलीची भर. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला एक मर्यादा असते आणि नाव त्या वेगाजवळ पोचली की लाटा साचत, फुगत जातात. दोन मीटर खोलीला हा वेग येतो ताशी साधारण 16 किलोमीटर. पाणी उतरलेल्या महिन्यांत जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला नदी जेमतेम तेवढीच खोल असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत नौकाविहाराची गर्दी असते. मसुदा लिहिणाऱ्यांनी 15 हा आकडा कसा काढला ते त्यात नमूद नाही. बहुधा 10 फार कमी आणि 20 फार जास्त वाटले असावेत. लोकांना बरं वाटेल असा मधला आकडा निवडण्याचा मोह मी समजू शकते, पण पाण्याच्या दृष्टीने तो मधला आकडाच सगळ्यांत महाग आहे.

मसुद्यावरच्या बैठकीत दुसरी सूचना आली ती अंतराची. काठापासून अमुक अंतर राखा, मग हवं तसं चालवा. तलावांवर हे चालतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 साली वेकसर्फिंगच्या बोटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बोटींमध्ये मुद्दाम पाण्याच्या टाक्या भरून मागचा भाग जड करतात, म्हणजे उठलेल्या लाटेवर माणसाला फळी घेऊन उभं राहता येतं. त्यांची लाट साध्या बोटीच्या 200 फुटांवरच्या लाटेइतकी खाली यायला काठापासून 500 फुटांहून जास्त अंतर लागतं, असा निष्कर्ष निघाला. पाचशे फूट म्हणजे सुमारे 150 मीटर.

आमची नदी शहरात बहुतेक ठिकाणी 120 मीटर रुंद आहे. अगदी मधोमध चाललेली नौकासुद्धा दोन्ही काठांपासून 60 मीटरवर असते. तलावाचा नियम इथे उचलून आणला तर तो कागदावरच राहणार, कारण तो पाळायला नदीत जागाच नाही. शिवाय अंतराने लाट मरते हा समजही बराचसा खोटा आहे. नावेमागे जी पिसाऱ्यासारखी लाटांची कड पसरत जाते, तिची उंची खोल पाण्यात फार हळू कमी होते: अंतर आठपट झालं की उंची निम्मी. पाच मीटरवर चाळीस सेंटिमीटर असलेली लाट चाळीस मीटरवर अजून वीस सेंटिमीटरची असते. आठ जणांच्या रोइंगच्या नावेची कड पाण्यापासून किती कमी उंच असते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या वीस सेंटिमीटरचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अंतर निकामी, सरसकट वेग घातक, मग उरतं काय? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने विलामेट नदीच्या न्यूबर्ग पूल नावाच्या टप्प्यासाठी 2022 साली कायदा केला, तो वजनावर. 5,500 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे अडीच टनांपेक्षा जड बोटींनी त्या टप्प्यात माणसांना ओढत नेण्याचे खेळ करायचे नाहीत. त्याआधी तिथे बरीच वर्षं काठावर राहणारे आणि बोटवाले यांच्यात तंटा चालला होता. मला यातली एक गोष्ट फार पटते. वजन बोट पाण्यात उतरवण्याआधी तपासता येतं. लाटेची उंची पाण्यावर कोण मोजत बसणार?

वेकसर्फिंग करणाऱ्या मुलांशी मी बोलले. आमच्याच धक्क्यावरून ते बोट उतरवतात. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ताई, आम्ही दारू पिऊन चालवत नाही, रात्री चालवत नाही, सगळ्यांना जाकीट घालायला लावतो. तरी सगळं आमच्यावरच का?" त्याचा राग खरा आहे. ही मुलं जबाबदारीने वागतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्यांची बोट बनवलीच आहे मोठी लाट उठवायला, आणि 120 मीटरच्या पात्रात मोठी लाट काठालाच जाऊन लागते. शहराबाहेर धरणाचा जलाशय आहे, तिथे पाऊण किलोमीटरचं मोकळं पाणी मिळतं. त्यांनी तिकडे जावं आणि तिथे बोट उतरवण्याची सोय नीट करून द्यावी, असं मी अर्जात लिहिलंय. नुसती बंदी घालून हात झटकणं बरोबर नाही.

काठावर राहणारे एक काका बैठकीत फार तळमळून बोलले. त्यांच्या अंगणाच्या टोकाचं झाड मागच्या पुरात गेलं, आणि त्यांच्या मते सगळा दोष मोटरबोटींचा. इथे मला त्यांच्याशी असहमत व्हावं लागलं. पुराच्या दिवसांत नदीवर एकही मोटरबोट नसते. पुराचं पाणी काठात मुरतं, माती जड होते, आणि मग पाणी झपाट्याने उतरलं की बाहेरून मिळणारा आधार निघून जातो आणि ओला काठ स्वतःच्या वजनानेच घसरतो. वरच्या धरणातून पाणी सोडताना आणि बंद करताना पातळी भराभर बदलली तरी हेच होतं. त्यात धरण गाळ अडवून ठेवतं, त्यामुळे खाली येणारं पाणी स्वच्छ पण उपाशी असतं आणि ते तळाचा, काठाचा गाळ उचलतं. पावसाच्या पाण्याची गटारं जिथे उघड्या काठावर सोडली आहेत, तिथे तर बोटींचा काही संबंधच नाही.

तरी बोटींचा वाटा ओळखता येतो. पूर काठ मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूला खातो. लाटा सरळ टप्प्यात, दोन्ही बाजूंना, वळणाच्या आतल्या अंगालासुद्धा खातात. पूर सगळ्या उंचीवर काम करतो, तर लाटा कोरड्या महिन्यांत एकाच पातळीवर, महिनोन्महिने. म्हणूनच तो हातभर उंचीचा चर. आमच्याकडे रोइंगच्या सरावासाठी एक बाजूची लहान धार राखून ठेवलेली आहे, बेटाच्या पलीकडची. तिथे मोटरबोटींना मज्जाव आहे. पूर तिथेही येतो, माती तीच आहे, पण तिथल्या काठाला हा चर नाही आणि उंच लव्हाळा पाण्यापर्यंत उतरलेला आहे. बेटाच्या दोन बाजूंची तुलना करायला हरकती ऐकणाऱ्या समितीने एकदा नावेत बसून यावं, अशी मी विनंती केली आहे. मी स्वतः वल्हवत नेईन.

काकांचा उपाय होता काँक्रीटची भिंत. भिंतीला माझा सगळ्यांत जास्त विरोध आहे. उतरत्या, गवताळ काठावर लाट चढते, फुटते, विरते. उभ्या भिंतीवर ती आदळते आणि जवळजवळ तितकीच परत फिरते. मग समोरच्या काठावर दुप्पट मारा आणि मधल्या पात्रात उलटसुलट उसळणारं पाणी. पुलाखालच्या भिंतींच्या पट्ट्यात एक मोटरबोट गेल्यावर बराच वेळ पाणी शांत होत नाही. शिकाऊ मुलांची नाव तिथे मी नेतच नाही. भिंत जिथे संपते तिथे तिच्या कडेला नदी मागून माती काढायला लागते, म्हणून भिंत आणखी लांबवावी लागते, आणि हे थांबत नाही. मासे, बेडूक, पाणकोंबड्या यांना तर भिंतीवर काहीच मिळत नाही.

काठाचा उतार कमी करणं, पायथ्याशी दगड किंवा काथ्याचे लोड बसवणं, त्यामागे लव्हाळा आणि वाळुंजाच्या फांद्या लावणं, हा रस्ता लांबचा आहे पण टिकाऊ आहे. यात एक अडचण असते. कोवळी लागवड मूळ धरेपर्यंत लाटा सोसत नाही. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं त्या पट्ट्यात खरोखरच शांत पाणी हवं. नौकांचे नियम आणि काठाची दुरुस्ती हे आमच्याकडे दोन वेगळ्या विभागांचे विषय आहेत. एकाने लागवड करायची आणि दुसऱ्याने समोरून 15ची परवानगी द्यायची, असं झालं तर पैसे आणि रोपं दोन्ही वाहून जातील.

फेरीबोट चालवणाऱ्यांचं म्हणणं मी शेवटी ऐकलं आणि त्याने माझा विचार सर्वांत जास्त बदलला. मी आधी पूर्ण शहरभर चालण्याच्या वेगाची मागणी करणार होते. थेम्स नदीच्या भरती-ओहोटी नसलेल्या भागात तशी ताशी 8 किलोमीटरची मर्यादा आहेच. फेरीचालक शांतपणे म्हणाले, "मॅडम, माझ्या बोटीत लोक कामावर जातात. त्यांना उशीर झाला तर ते उद्यापासून गाडी काढतील." मग आम्ही बसून हिशेब केला. दोन किलोमीटर ताशी 20ने जायला सहा मिनिटं लागतात, 8ने पंधरा. नऊ मिनिटांचा फरक वेळापत्रक मोडतो. पण काठ खरोखर नाजूक आहे तो पट्टा सहाशे मीटरचा. तेवढ्याच पट्ट्यात वेग उतरवला तर फरक तीन मिनिटांहूनही कमी. तीन मिनिटं ते देऊ शकतात. शिवाय त्यांची बोट दोन सडपातळ सांगाड्यांची, कॅटमरान आहे. तिची लाट तेवढ्याच माणसांच्या एका रुंद सांगाड्याच्या बोटीपेक्षा बरीच लहान असते, आणि नियमात याला काहीतरी मान मिळायला हवा.

म्हणून माझी मागणी अशी आहे. नदीचे टप्पे पाडा. नाजूक काठाच्या, धक्क्यांच्या आणि लागवडीच्या टप्प्यांत आकड्याऐवजी 'मागे लाट उठता कामा नये' असा नियम लावा, म्हणजे सुकाणू लागेल इतकाच वेग. चालकाला मान वळवून मागे पाहिलं की कळतं आपण नियमात आहोत की नाही, आणि काठावरच्या माणसालाही कळतं. उरलेल्या खोल, दगडी काठाच्या टप्प्यात वेग मोकळा असू द्या, पण वजनाची मर्यादा घाला. टप्प्यांच्या सीमा पुलांवर ठेवा. तरंगती खूण पुरात वाहून जाते, पूल राहतो. आणि टप्पा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी पाटी लावा, कारण प्लेनिंग करणारी बोट वेग उतरवताना त्याच वाईट अवस्थेतून जाते. पाटी नाजूक काठाच्या तोंडाशीच असेल तर प्रत्येक बोट आपली सगळ्यांत मोठी लाट तिथेच टाकेल.

माझ्या लाँचबद्दलही लिहिलंय. स्पर्धेच्या वेगात आठ जणांची नाव ताशी 20 किलोमीटरच्या आसपास जाते आणि प्रशिक्षकाला सोबत राहावं लागतं, सुरक्षेसाठीसुद्धा. लंडनमध्ये थेम्सच्या वरच्या भागात प्रशिक्षकांच्या लाँचना वेगमर्यादेतून सूट आहे. आम्हीही सूट मागतोय, पण बिनशर्त मागितलेली मला चालणार नाही. सूट फक्त कमी लाट उठवणाऱ्या दुहेरी सांगाड्याच्या लाँचना द्यावी आणि आमच्या क्लबने जुन्या लाँच बदलेपर्यंत नाजूक पट्ट्यात मुलांना सावकाश, तंत्राचा सराव द्यावा. क्लबमध्ये यावर दोन मतं आहेत. खर्च मोठा आहे. व्हेनिसमध्ये मोटरबोटींच्या लाटांविरुद्ध आवाज उठवायला 1975 साली वल्हवणाऱ्यांनी व्होगालोंगा ही फक्त वल्ह्यांच्या नावांची फेरी सुरू केली, ती आजही भरते. वल्हवणाऱ्यांना लाटांची तक्रार करण्याचा अधिकार आहेच, पण आपली लाँच त्या तक्रारीच्या बाहेर ठेवून ती करता येणार नाही.

मोजणीचं कलम मसुद्यात अजिबात नाही, ते घालायला हवं. लोखंडी सळया काठात आडव्या ठोकून ठेवायच्या आणि किती सळई बाहेर आली ते ठरावीक काळाने मोजायचं, एवढं साधं काम आहे. पूर येऊन गेल्यावर एकदा आणि नौकाविहाराचा हंगाम संपल्यावर एकदा मोजलं, तर पुराचा हिस्सा किती आणि लाटांचा किती, हे काकांनाही दिसेल आणि बोटवाल्या मुलांनाही. बेटाच्या दोन्ही बाजूंना सळया ठोका. आमची मोठी मुलं मोजायला तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. दोन वर्षांनी आकडे पाहून टप्पे बदलायची तरतूद नियमातच असावी, कारण नदीचा काठ बदलतो आणि एकदा लावलेली पाटी काढायला कुणी सहसा येत नाही.

हरकतींची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे. नदीवर रोज ये-जा करणाऱ्यांनी, मग ते वल्ह्याने करोत की इंजिनाने, आपल्या टप्प्याबद्दल दोन ओळी तरी लिहाव्यात: काठ कुठे कोरला गेलाय, पाणी कुठे उथळ होतं, कोणत्या महिन्यांत. समितीतल्या लोकांना तो तपशील दुसरीकडून मिळणार नाही.